ब्लाउजच्या कात्रणांची गोधडी: आधी कापड ओळखा, रंग नंतर बघा

टेलरकडून आणलेली कात्रणं कधीच चौकोनी नसतात. क्विल्टिंगचे व्हिडिओ बघितले की त्यात इस्त्री केलेलं कोरं कापड असतं, गोल पातीच्या कटरनं सटासट एकसारखे चौकोन पडतात, आणि आपल्या पिशवीत हात घातला की निघतात मुंढ्याच्या कापातल्या चंद्रकोरी, गळ्यातून पडलेले अर्धगोल, बाहीच्या बाजूचे लांबुळके त्रिकोण आणि दोन बोटं रुंद पट्ट्या. मला गोधडी याच तुकड्यांची शिवायला आवडते. दुकानातून मीटरवर नवीन कापड आणायचं, ते कापायचं आणि परत जोडत बसायचं, हे मला मनापासून पटत नाही, ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल करावं, पण गोधडी जन्मालाच आली ती उरलेल्यातून आणि जुन्यातून, आणि तिचं सगळं तंत्रही त्यावरच बेतलेलं आहे.

आपल्या नागपुरात कात्रणांची काही कमी नाही बाप्पा. प्रत्येक गल्लीत एक तरी लेडीज टेलर राहतेच, लग्नसराईत तर त्यांच्या मशीनखाली ढीग साचतो आणि तो सरळ कचरागाडीत जातो. "भाऊ, सुती तेवढं बाजूला ठेवा, मी शनिवारी येऊन नेते" असं एकदा सांगून ठेवलं की पिशवी तयार मिळते, कोणी पैसे घेत नाही. फॉल-पिकोवाल्या ताईंकडे लांब लांब पट्ट्या मिळतात. गांधीबागेत कापडाच्या दुकानांमध्ये थानाच्या शेवटी उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, पण ते पुन्हा विकत घेणंच झालं, म्हणून मी तिकडे अस्तराला काही कमी पडलं तरच जाते. आणि घरातल्या चादरी! चादर विरते ती मधोमध, जिथं आपण झोपतो तिथं. कडेचा हातभर भाग वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. अख्खी चादर पुसायला काढण्याआधी तो कडेचा भाग फाडून घ्या, कात्री नको, फाडूनच घ्या, म्हणजे धाग्यात सरळ निघतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण कात्रणं आणली की रंगावर वेगळी करतात. लाल इकडे, हिरवी तिकडे. मी आधी कापडाच्या जातीवर वेगळी करते. टू बाय टू रुबिया आणि पॉपलीन एकीकडे, खण आणि जाडसर हातमाग एकीकडे, पॉलिस्टर, सॅटिन, ब्रोकेड, नेट वेगळ्या पिशवीत. कारण विरलेल्या सुती तुकड्याला तुम्ही दणकट पॉलिस्टर जोडलंत की ओढ सगळी सुती तुकड्यावर येते आणि तो टिपेच्या लगत फाटतो. टीप मजबूत राहते, तिच्या शेजारचं कापड जातं. शिवाय इस्त्रीचा प्रश्न, सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री पॉलिस्टरवर फिरवली तर ते आकसतं, नाहीतर चिकटतं. कापड हातानं ओळखू येत नसेल तर दोन धागे काढून स्टीलच्या ताटलीत चिमट्यानं धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटात भुरभुर होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास. मिक्स कापडात दोन्ही दिसतं, थोडी राख आणि थोडे खडे, ते मी सिंथेटिकमध्येच टाकते.

मग धुणं. सुती कात्रणं कोरी असतील तर पाण्यात आटतात, आणि प्रत्येक कापड वेगळं आटतं, म्हणून शिवण्याआधी धुतलेलं बरं. मोकळी टाकलीत मशीनमध्ये तर सगळ्यांचे धागे निघून एक मोठा गुंता होतो, जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून तोंडाला दोरी बांधा आणि मग टाका. लाल, मरून आणि गडद निळ्या तुकड्यांचा मला भरवसा नसतो. ते कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत तासभर भिजवून ठेवायचे, चिंधी रंगली तर परत धुवायचे, परत नवी पांढरी चिंधी, आणि तिसऱ्यांदाही रंग सुटत असेल तर तो तुकडा कितीही सुंदर असला तरी गोधडीत नको. मिठाच्या पाण्यात टाकलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सगळेच सांगतात, पण तयार रंगवलेल्या कापडाचा रंग मिठानं पक्का होत नाही. मीठ रंगवतानाच्या भांड्यात कामाचं, नंतर नाही.

एवढं झालं की तुकड्यांचा आकार बघायचा आणि आकारानुसार तंत्र निवडायचं. व्हिडिओमधलं डिझाईन आधी ठरवून त्यात कात्रणं बसवायला गेलं की अर्धी कात्रणं वाया जातात.

पट्ट्या, चंद्रकोरी आणि वेडेवाकडे लांब तुकडे यांच्यासाठी जे तंत्र आहे त्याला क्विल्टिंगवाले स्ट्रिंग म्हणतात, आणि ब्लाउजच्या कात्रणांना यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. जुन्या चादरीचे दहा इंची चौकोन कापून घ्या, हा तळ. त्यावर एक पट्टी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी ठेवा, सुलट बाजू वर. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवा, एका बाजूच्या कडा जुळवा आणि तळासकट पाव इंचावर टीप मारा. आता वरची पट्टी उघडा, नखानं घडी दाबा, जमलं तर इस्त्री फिरवा. तिच्या मोकळ्या कडेवर तिसरी पट्टी. असं करत एक कोपरा भरला की दुसऱ्या बाजूनं सुरू. चंद्रकोर असेल तर तिची फक्त एक कड सरळ करायची, दुसरी वाकडी राहू द्या, पुढची पट्टी त्यावर थोडी आत सरकवून शिवली की वाकडेपणा खाली दबून जातो आणि नंतर जास्तीचं कापून टाकता येतं. चौकोन पूर्ण झाकला की उलटा करा आणि तळ बघून साडेनऊ इंचावर चारही बाजू साफ कापा. वरून तो कसाही लोंबत असू दे, कापल्यावर असा नेटका निघतो की आपल्यालाच आनंद होतो. असे चार चौकोन तिरप्या रेघा एकमेकींकडे तोंड करून जोडले की मधोमध आपोआप शंकरपाळं तयार होतं.

तळाचं कापड का लागतं? ब्लाउजची कात्रणं कुठल्याही दिशेला कापलेली असतात, पुष्कळशी उरेप, म्हणजे धाग्याला तिरपी कापलेली असतात, आणि उरेप कड हातात धरली तरी ताणली जाते. तळाच्या चादरीचे धागे उभे-आडवे सरळ असतात, ते वरच्या सगळ्या उरेप तुकड्यांना धरून ठेवतात. परदेशात बरेच जण चादरीऐवजी कागद वापरतात आणि नंतर फाडून काढतात, मला तो फाडायचा उद्योगच नको वाटतो, आणि चादर आत राहिली तर एक थर फुकटात मिळतो.

जे तुकडे खरंच चौकोनी निघतात, म्हणजे शर्टाच्या पाठीचे, चादरीच्या कडेचे, त्यांच्यासाठी नाईन पॅच, तीन बाय तीन, नऊ चौकोन. इथं एकच हिशोब डोक्यात पक्का ठेवायचा, प्रत्येक तुकड्याचा अर्धा इंच शिलाईत जातो, पाव या बाजूला आणि पाव त्या बाजूला. साडेतीन इंचाचा चौकोन कापला की शिवल्यावर तो तीनचा दिसतो, तीन त्रिक नऊ, म्हणजे हा ब्लॉकही (जोडून तयार झालेल्या एका चौकोनाला ब्लॉक म्हणतात) स्ट्रिंगच्या ब्लॉकसोबत बरोब्बर जुळतो. दोन्ही एकाआड एक लावा, फार छान दिसतं, नजरेला मध्ये मध्ये विसावा मिळतो.

आणि अगदी बारीक, तळहाताएवढे नि त्याहून लहान तुकडे? त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे आफ्रिकी वंशाचा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. त्या ब्लॉक वगैरे करतच नाहीत. तळाला जुनी साडी, कोपऱ्यापासून सुरुवात, एक तुकडा ठेवायचा, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचं, त्याच्या शेजारी दुसरा तुकडा पहिल्यावर थोडा चढवून, असं कडेकडेनं गोल फिरत आत आत मध्यापर्यंत. जोडणं आणि थर शिवणं, दोन्ही कामं एकाच टाक्यात! शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात, ती असल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. मशीन नसेल तर मी तर म्हणते यापासूनच सुरुवात करा.

आपल्या गोधडीचा टाकाही असाच बाहेरून आत जातो. माझी आत्या काटोलजवळ राहते, तिचं गोधडी घालणं म्हणजे बघत बसावं असं काम. दिवाळी झाली की उन्हं जरा मऊ होतात, तेव्हा गच्चीवर सतरंजी, त्यावर साड्यांचे थर, चार कोपऱ्यांना पाणी भरलेले तांबे, आणि शेजारच्या दोघी-तिघी सुया घेऊन हजर. आधी मोठे कच्चे टाके घालून सगळे थर पकडायचे. मग कडेपासून पहिली फेरी, तिच्या आत दीड बोटावर दुसरी, त्याच्या आत तिसरी. सुई कापडातून बाहेर न काढता तीन-चार टाके सुईवरच भरायचे आणि मग दोरा ओढायचा, तोही बेतानं, ताणला तर चुण्या पडतात. मी लांबलचक दोरा ओवला की ती लगेच, "अवो पोरी, एवढा दोरा कायले घेतला? कोपरापर्यंत घे, गुतते नं तो." आणि ते अगदी खरं आहे, लांब दोरा पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन घासला जातो, शेवटी शेवटी पिंजतो आणि तुटतो. गाठ कधी वर दिसू द्यायची नाही, दोन थरांच्या मध्ये सुई घालून हलकेच ओढली की गाठ टुक करून आत जाते.

इतके जवळ जवळ टाके नक्षीसाठी नसतात. जुन्या कापडात स्वतःची ताकद उरलेली नसते. टाक्यांच्या फेऱ्या दाट असल्या की ओढ सगळ्या थरांत वाटली जाते, वरचा एखादा तुकडा विरला तरी तो चारही बाजूंनी दोऱ्यात अडकलेला असतो, भोक पसरत नाही. मशीनवर हातभर अंतरानं चार रेघा मारून गोधडी झाली म्हणतात ना, ती पहिल्या-दुसऱ्या धुण्यात आतून गोळा होते. मशीनवर करायची असेल तर जरूर करा, पण रेघा दोन-तीन इंचांवर घ्या, टाका थोडा मोठा ठेवा आणि मधून बाहेर शिवत जा, आणि थर सरकू नयेत म्हणून मशीनला सुईखाली लावायचा वॉकिंग फूट मिळाला तर बसवून घ्या, तो वरचं कापडही खालच्यासोबत पुढे सरकवतो.

आत्याकडे एक फार जुनी गोधडी आहे. तिच्या सासऱ्यांच्या वेळची. एका जागी वरचं लुगडं विरून गेलंय आणि त्या खिडकीतून आतला थर दिसतो, धोतराचं पांढरं कापड, बारीक काळी किनार असलेलं. सासरे एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल, आता तिथं मॉल उभा आहे. ते धोतर मिलमधलंच, असं आत्या सांगते. मी तिला म्हटलं इथं ठिगळ लावून देते, तर नाही म्हणाली, "राहू दे, तेवढंच दिसते त्याईचं." मी मग त्या भोकाच्या कडेनं फक्त एक बारीक धावदोऱ्याची फेरी घातली, आणखी वाढू नये म्हणून.

अशा गोधड्या बघितल्या की मला अमेरिकेतल्या अलाबामाच्या जीज बेंड गावातल्या बायका आठवतात. नदीच्या वळणात अडकलेलं गाव, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची वस्ती, आणि क्विल्ट कशाचे तर शेतात घालून झिजलेल्या पँटी, ओव्हरऑल, पिठाच्या पिशव्या. १९७२ मध्ये तिथल्या बायकांना सियर्स या मोठ्या दुकानासाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, आणि त्यातून उरलेली कॉर्डरॉयची कात्रणं घरोघरच्या क्विल्टमध्ये गेली. २००२ मध्ये हे क्विल्ट ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागले, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. फोटो नक्की बघा. रेघा सरळ नाहीत, कोपरे जुळलेले नाहीत, आणि नजर हटत नाही. मापात बसलं नाही म्हणून आपलं काम कपाटात दडवणाऱ्या मैत्रिणींना मी तेच फोटो पाठवते. आणि आपल्या आत्या-मावशींच्या गोधड्या त्याच तोलाच्या आहेत, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन.

आता थरांचा हिशोब, कारण हे विचारणाऱ्या खूप जणी भेटतात. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४४-४५ इंच. तिचे चार सारखे तुकडे करा, प्रत्येकी साधारण ५४ इंच. दोन तुकडे काठाला काठ जोडले की ५४ बाय ८६ इंचांचा एक थर झाला. म्हणजे एका साडीत खालचा आणि मधला असे दोन थर निघतात. वरच्या बाजूला पाच बाय आठ असे चाळीस ब्लॉक, ४५ बाय ७२ इंच होतात, चारही बाजूंना साडेतीन इंची पट्टी लावली की ५२ बाय ७९. एका माणसाला पांघरायला एकदम बरोबर, आणि खालचा थर थोडा मोठा राहतो तोही चांगलाच, कारण शिवताना सगळं जरा आकसतं, शेवटी कापून सारखं करायचं. कडेला लावायला दुसऱ्या एखाद्या पदर फाटलेल्या साडीचे काठ वापरा. काठाचं विणकाम घट्ट असतं आणि गोधडी आधी झिजते ती कडेलाच. घेर पावणेसात मीटरच्या आत, आणि एका साडीचे दोन काठ मिळून अकरा मीटर, म्हणजे चुकूनमाकून कमी पडायचं नाही. जरीचा काठ मात्र गळ्याशी येणाऱ्या बाजूला नको, टोचतो, पायाकडे लावा.

वर ब्लॉक आणि खाली दोन थर एवढी गोधडी नागपूरच्या उन्हाळ्यात लागते. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही. दुपारी पारा ४५ च्या वर असतो, रात्री कूलर लावून झोपतो, आणि पहाटे चारला तीच ओलसर हवा अंगाला बोचायला लागते, तेव्हा ब्लँकेट नको वाटतं आणि चादर पुरत नाही. सुती गोधडी तो ओलावा शोषते, चिकट होत नाही. थंडीसाठी अजून दोन साड्यांचे थर टाकायचे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये इथं साडेतीन डिग्रीपर्यंत उतरलं होतं, त्या आठवड्यात आमच्याकडे रजई सोडून सगळ्यांना जाड गोधडीच हवी होती, थरांच्या मधल्या हवेची ऊब वेगळीच असते. धुवायच्या तेवढ्या एप्रिल-मेमध्ये धुऊन घ्या, एका दिवसात कडकडीत वाळतात. पावसाळ्यात जाड गोधडी भिजवली तर आतला थर वाळता वाळत नाही आणि मग तो कुबट वास जातच नाही.

सिंथेटिकची वेगळी ठेवलेली पिशवी आहे तिचं काय, तर ब्रोकेड आणि सॅटिनचे बटवे, उशांची कव्हरं, दाराचं तोरण. अंगावर घ्यायच्या वस्तूत ते घालत नाही. कापून उरलेला सगळ्यात बारीक सुती चुरा उशीत भरते, फक्त त्यात तुटलेली पिन राहिली नाही ना हे लोहचुंबक फिरवून बघायचं, टेलरकडच्या कात्रणांत पिना असतातच.

सध्या भाचीच्या बाळासाठी दुपटं सुरू आहे. ३६ बाय ३६, म्हणजे चार बाय चार नाईन पॅच ब्लॉक, पट्टी नाही. त्यात एकही नवीन तुकडा नाही. वहिनीचे मऊ झालेले कॉटनचे गाऊन, आईची धुवून धुवून रेशमासारखी झालेली वायल, बाबांचे लेंगे. लाल-मरून काही नाही, बाळ तोंडात घालतं. जर, टिकल्या, बटण काही नाही, गाठी सगळ्या आत, टाके इतके बारीक की बोट अडकू नये. खालच्या थराला मला पिवळा रंग हवा आहे आणि घरात पिवळं सुती काहीच उरलेलं नाही, तेवढ्यासाठी शनिवारी टेलरभाऊंकडे जाऊन यायचंय.